आफ्रिकेतली तान्ही बाळं नेमकी कशानं दगावतात?

मुळाकाठ
सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या बालमृत्यूंचा विषय निघाला की दुष्काळ आणि मलेरिया हे दोन शब्द लगेच येतात. तान्ह्या बाळांचा हिशेब मात्र वेगळा निघतो. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात पाच वर्षांखालची ४९ लाख मुलं दगावली. त्यातली २३ लाख पहिल्या २८ दिवसांतच गेली. सहाराच्या दक्षिणेला त्या वर्षी हजार जिवंत जन्मांमागे पाच वर्षांखालचे मृत्यू ७१ होते, पैकी २७ पहिल्या महिन्यातले. नवजातांच्या मृत्यूंपैकी साधारण एक तृतीयांश जन्माच्या दिवशीच होतात आणि तीन चतुर्थांशाच्या आसपास पहिल्या आठवड्यात. म्हणजे वरचं अन्न सुरू होण्याच्या कितीतरी आधी.

पहिल्या महिन्यातली मोठी कारणं तीन: अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताना गुदमरणं आणि जंतुसंसर्ग. पुढे न्यूमोनिया, जुलाब, मलेरिया, आणि या तिघांच्या मागे कुपोषण.

जाणकारांनी एकेक कारण घेऊन लिहावं, ही विनंती. काय होतं, काय करतात, कुठे चुकतं. औषधांचे आकडे आरोग्य कर्मचाऱ्यांची पद्धत कळावी म्हणून येतील, त्यावरून कुणी घरी डोस ठरवू नये.

दवणा
जन्मताना गुदमरण्यापासून सुरुवात करते. बाळ बाहेर आलं आणि रडलं नाही, तर पहिल्या मिनिटाच्या आत त्याच्या फुफ्फुसात हवा गेली पाहिजे. क्रम असा: कोरड्या कापडानं अंग पुसायचं, ओलं कापड बाजूला टाकून दुसरं कोरडं घ्यायचं, पाठ चोळायची. तरीही श्वास नाही, तर नाळ कापून लगेच हातानं दाबायची हवेची बॅग आणि नाकातोंडावर बसणारा मास्क. मिनिटाला ४० ते ६० वेळा, आणि दर दाबाला छाती वर येते का हे बघायचं.

चुका ठरलेल्या असतात. श्वास देण्याआधी नळीनं नाकातोंडातला स्राव ओढून काढत बसणं ही सगळ्यात महागात पडणारी. पूर्ण दिवसांच्या बाळाला १ नंबरचा मास्क लागतो, अपुऱ्या दिवसांच्याला ० नंबरचा. एकच मास्क सगळ्यांना वापरला की कडेनं हवा निसटते. मान फार मागे वाकवली तरी वाट बंद होते आणि पुढे झुकली तरी. बॅग धुऊन परत जोडताना झडप उलटी बसते किंवा धुण्याच्या जागीच राहून जाते. तपासणी सोपी आहे: मास्क तळहातावर घट्ट धरून बॅग दाबायची. जादा दाब सोडणारी झडप उघडली पाहिजे, आणि हात सैल केल्यावर बॅग पुन्हा फुगली पाहिजे.

टांझानियात हे प्रशिक्षण दिल्यावर पहिल्या २४ तासांतले मृत्यू ४७ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. पण एका दिवसाच्या शिबिरातलं कौशल्य काही महिन्यांत ओसरतं. प्रसूतिकक्षातच बाहुली ठेवून दर आठवड्याला काही मिनिटं सराव केला तर ते टिकतं.

नोंदवही
दवणाताईंच्या मुद्द्याला जोडून. जे बाळ जन्मलं, हृदय चालू होतं, पण श्वास घेतला नाही, ते पुष्कळदा 'मृत जन्म' म्हणून लिहिलं जातं. मग गुदमरून गेलेल्यांचा आकडा कागदावर लहान दिसतो. प्रशिक्षणानंतर मृत जन्मही घटले तर त्यातली काही बाळं आधीही जिवंतच जन्मत होती, असा त्याचा अर्थ लागतो.

रानजाई
अपुऱ्या दिवसांच्या बाळांबद्दल. यांचा पहिला शत्रू थंडी. उष्ण देशातही ओलं, उघडं बाळ काही मिनिटांत गार पडतं, कारण वजनाच्या मानानं त्याची त्वचा जास्त आणि चरबी जवळजवळ नाही. अंगाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस हवं. पहिली आंघोळ निदान २४ तास थांबवायची.

यावर सगळ्यात भक्कम उपाय म्हणजे कांगारू पद्धत: बाळ फक्त टोपी आणि लंगोट घालून आईच्या उघड्या छातीवर उभं, पाय बेडकासारखे, मान एका बाजूला, वरून कापडानं घट्ट बांधलेलं. ही १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली. पूर्वी 'बाळ स्थिरावल्यावर' सुरू करायचे. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत इथल्या पाच रुग्णालयांत १ किलो ते १.८ किलोच्या आतल्या बाळांना जन्मल्याबरोबरच छातीवर ठेवून पाहिलं. मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले (२०२१). २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला ८ ते २४ तास, लगेच, अशी आहे.

मग होत का नाही? नवजात कक्षात आईला पलंगच नसतो. सिझेरियन झालेली आई दुसऱ्या मजल्यावर, बाळ इकडे. भेटीच्या वेळा ठरलेल्या. म्हणून हा बांधकामाचा आणि नियमांचा प्रश्न आधी आहे. वडील, आजी, मावशी यांनीही छातीवर घेतलेलं चालतं, आणि आईला झोप मिळण्यासाठी ते लागतंच.

दूध: ३२ ते ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांना चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ जमत नाही. म्हणून आईचं पिळलेलं दूध नळीनं किंवा वाटीनं, बाटली नाही. दीड किलोच्या स्थिर बाळाला पहिल्या दिवशी किलोमागे ६० मिलीनं ९० मिली, म्हणजे दर दोन तासांनी साडेसात मिली. पुढे सोसेल तसं रोज थोडं वाढवत किलोमागे १५० मिलीच्या आसपास.

कुंभा
फुफ्फुसं कच्ची असणाऱ्यांचं काय? आणि मुदतीआधी कळा आल्या की बाळाची फुफ्फुसं पिकावीत म्हणून आईला स्टेरॉइड देतात ना? ते सगळीकडेच का देत नाहीत?

रानजाई
फुफ्फुसांसाठी पाण्याच्या बुडबुड्यांवर चालणारं सीपॅप. नाकातल्या दोन छोट्या नळ्यांतून हवा-ऑक्सिजन सतत सोडायचा आणि बाहेर जाणाऱ्या नळीचं टोक पाण्यात ५-६ सेंटिमीटर बुडवायचं. तेवढ्या पाण्याच्या दाबानं फुफ्फुसातले कप्पे मिटत नाहीत. मलावीत ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयात कमी खर्चाचं असं यंत्र वापरलं तेव्हा श्वासाचा तीव्र त्रास असलेल्या नवजातांचं जगण्याचं प्रमाण ४४ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर गेलं. बुडबुडे थांबले म्हणजे कुठेतरी गळती आहे, हे परिचारिकेला दुरूनच दिसतं. नळी मोठी बसवली तर नाकाचा पडदा सोलतो. आणि हवा न मिसळता शुद्ध ऑक्सिजन दिला तर डोळ्यांचा पडदा बिघडतो, म्हणून पल्स ऑक्सिमीटरवर ९० ते ९५ च्या बेतात ठेवायचं.

स्टेरॉइडचं उत्तर सरळ नाही. गावपातळीपर्यंत ते देऊन पाहण्याचा मोठा अभ्यास सहा देशांत झाला: केनिया, झांबिया, अर्जेंटिना, ग्वाटेमाला, पाकिस्तान आणि भारत. भारतातल्या केंद्रांत आपलं नागपूर आणि बेळगाव होतं. २०१५ च्या निकालात लहानखुऱ्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत, आणि एकूण नवजात मृत्यू उलट हजारी साडेतीनानं वाढले. दिवस नीट मोजलेले नसल्यानं पूर्ण दिवसांच्या कितीतरी बायकांनाही इंजेक्शन मिळालं होतं. पुढे २०२० मध्ये केनिया, नायजेरिया आणि दक्षिण आशियातल्या रुग्णालयांत सोनोग्राफीनं दिवस ठरवून, बाळाची काळजी घेता येईल अशाच जागी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं (६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, चार वेळा), तेव्हा मृत्यू घटले. औषध एकच, पण दिवसांचा हिशेब आणि मागची सोय नसेल तर निकाल फिरतो.

तांबडी माती
नवजात कावीळ कुणी घेतली नाही, म्हणून लिहितो. नायजेरियात ती फार जीव घेते आणि जगलेल्यांना कायमचं अपंगत्व देते. त्यातलं एक कारण घरातल्या कपाटात असतं: डांबरगोळ्या.

तिथे बाळंतविड्याचे कपडे आधी जमवून डांबरगोळ्या घालून ठेवायची रीत आहे. त्यात नॅफ्थलीन असतं. पश्चिम आफ्रिकेत जी-६-पीडी या विकराची कमतरता मुलग्यांत पुष्कळ आढळते (मलेरियापासून थोडं संरक्षण मिळत असल्यानं ती तिथे टिकली). अशा बाळाच्या अंगाला त्या कपड्यांतलं नॅफ्थलीन लागलं, वास नाकात गेला, की तांबड्या पेशी भराभर फुटतात. त्यातून निघणारं पिवळं द्रव्य, बिलिरुबिन, इतकं चढतं की ते मेंदूत उतरतं. बाळ आधी सुस्त, दूध ओढत नाही, मग किंचाळतं आणि धनुष्यासारखं मागे वाकतं. तिथवर आलं की रक्तबदल केला तरी मेंदूचं नुकसान राहतं. मेंथॉलचे बाम बाळाला चोळणंही तिथे याच यादीत धरतात.

उपाय: बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी घालूच नये. घातली असेल तर कपडे धुऊन उन्हात चांगले वाळवावेत. सावळ्या त्वचेवर पिवळेपणा लपतो, म्हणून दिवसाच्या उजेडात हिरड्या, डोळे, तळहात आणि तळपाय बघावेत. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ किंवा तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली कावीळ म्हणजे ताबडतोब रुग्णालय.

'सकाळचं कोवळं ऊन दाखवा' हा सल्ला तिथेही आहे, इथेही आहे. एवढ्यानं तीव्र कावीळ उतरत नाही आणि वेळ मात्र जातो. लागोसमध्ये वेगळा प्रयोग झाला. अतिनील आणि उष्णता अडवून निळा प्रकाश आत सोडणाऱ्या खास पडद्याच्या मांडवाखाली बाळांना ठेवून दर तासाला तापमान बघायचे. २०१५ च्या निकालात हा उपाय विजेच्या फोटोथेरपीपेक्षा कमी पडला नाही. वीज सारखी जाते तिथे हे मोलाचं आहे.

कुंभा
जी-६-पीडीची कमतरता आपल्याकडेही आहे ना?

तांबडी माती
आहे. पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत ठळक. आणि डांबरगोळ्या तर आपल्या प्रत्येक ट्रंकेत असतात. वरचा नियम इथेही जसाच्या तसा लागू.

नोंदवही
मृत्यूचं कारण ठरतं कसं, हे सांगायला हवं. बहुतेक ठिकाणी 'तोंडी शवचिकित्सा' होते: घरच्यांना ठरावीक प्रश्न विचारून, ताप होता का, छाती आत ओढली जात होती का, यावरून कारण लावायचं. तापानं गेलेलं बाळ यात सहज 'मलेरिया' होतं.

इथिओपिया, केनिया, माली, मोझांबिक, सिएरा लिओन, दक्षिण आफ्रिका आणि बांगलादेशात चॅम्प्स नावाचं काम चालू झालं. मृत्यूनंतर काही तासांत, पालकांची संमती घेऊन, सुईनं फुफ्फुस, यकृत, मेंदू यांचे बारीक तुकडे आणि रक्त तपासतात. त्यातून दोन गोष्टी ठळक झाल्या. एक, बहुतेक बाळांत एकच कारण नसतं, साखळी असते: आईचा रक्तदाब, मग मुदतीआधी जन्म, मग कच्ची फुफ्फुसं, मग कक्षात लागलेला संसर्ग. दोन, त्या शेवटच्या कडीत क्लेबसिएला न्यूमोनी हा जंतू अपेक्षेपेक्षा फार जास्त वेळा सापडला.

हा जंतू बऱ्याचदा नवजात कक्षातलाच असतो. एकच सलाईनची बाटली उघडून दहा बाळांची औषधं पातळ करणं, स्राव ओढायची नळी न उकळता पुन्हा वापरणं, साबणाची बाटली न धुता वरून भरणं, एका पाळण्यात दोन-तीन बाळं. जेंटामायसिन या नेहमीच्या प्रतिजैविकाला तो पुष्कळदा दाद देत नाही. म्हणून प्रसूती रुग्णालयात आणली एवढ्यानं भागत नाही, रुग्णालयात पाणी आणि हात धुण्याची सोय लागते.

सातपुडा
घरी किंवा लहान केंद्रात नवजाताचा जंतुदोष ओळखायची लक्षणं: दूध ओढणं थांबलं, झटके, छाती खोल आत ओढली जाते, ताप ३८ किंवा वर, अंग ३५.५ च्या खाली गार, हलवल्याशिवाय हालचाल नाही. गार पडणं हे तापाइतकंच वाईट, आणि तेच जास्त निसटतं.

मोठं रुग्णालय लांब, पैसे नाहीत, नदीला पूर, अशा वेळी काय? काँगो, केनिया आणि नायजेरियात झालेल्या अभ्यासांनंतर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं की पाठवणं शक्यच नसेल आणि बाळ अत्यवस्थ नसेल तर केंद्रातच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडानं अमॉक्सिसिलिन द्यावं. या विचाराची एक मुळी गडचिरोलीत आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या बायकांना शिकवून घरोघर नवजात काळजी दिली. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा तो निकाल १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं घरभेटींची एकत्र शिफारस केली.

नाळेबद्दल दोन ओळी. शेण, राख, माती लावणं म्हणजे धनुर्वाताला निमंत्रण. आईला धनुर्वाताची लस आणि नवं पातं हा त्यावरचा जुना, खात्रीचा उपाय. क्लोरहेक्सिडीनचं ७.१ टक्क्यांचं मलम नेपाळ-बांगलादेशात उपयोगी ठरलं, झांबिया आणि टांझानियाच्या पेंबा बेटावर मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही. आता शिफारस एवढीच, की जिथे नाळेला घातक पदार्थ लावतात तिथे ते द्यावं. त्याची बाटली डोळ्याच्या थेंबांसारखी दिसल्यानं काही देशांत ते बाळांच्या डोळ्यांत घातलं गेलं आणि डोळ्यांना गंभीर इजा झाली. २०१९ मध्ये तसा जागतिक इशारा निघाला. मलम ट्यूबमध्येच हवं, आणि वर 'फक्त नाळेसाठी' असं चित्रासकट.

दवणा
जुलाबांकडे वळते. पश्चिम आफ्रिकेत पहिल्या दिवसांपासून बाळाला पाणी पाजायची रीत आहे. उन्हाळा कडक, म्हणून बाळाला तहान लागत असेल ही माया त्यामागे असते. पण आईच्या दुधात मोठा भाग पाणीच असतं. वरच्या पाण्यानं पोट भरतं, चोखणं कमी होतं, म्हणून दूध कमी येतं, आणि त्याच पाण्यातून जंतू जातात.

दुधाची पावडर काय करू शकते हे बोट्स्वानात २००६ साली दिसलं. एचआयव्हीबाधित आयांच्या बाळांना सरकार पावडर मोफत देत होतं, हेतू चांगला होता. पावसाळ्यात पूर आले, नळाचं पाणी दूषित झालं, आणि वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत पाचशेहून जास्त बालमृत्यू नोंदले गेले. रुग्णालयात आलेली बहुतेक बाळं आईच्या दुधावर नव्हती. २०१० पासून शिफारस बदलली: आईनं एचआयव्हीची औषधं घेत अंगावर पाजावं.

ओआरएस: एक लिटरच्या पुडीत मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, सायट्रेट २.९. पुडी अर्ध्या लिटरात कालवली तर खारटपणा दुप्पट होऊन झटके येऊ शकतात. फार पातळ केली तर क्षार पुरत नाहीत. नायजेरिया-घानात पिण्याचं पाणी ५०० मिलीच्या प्लॅस्टिक पिशवीत मिळतं, त्यामुळे 'दोन पिशव्यांना एक पुडी' हे माप आईच्या सहज लक्षात राहतं. दर पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू. डोळे खोल, चिमटा घेतलेली कातडी हळू खाली बसते, अशा वेळी केंद्रात बसवून चार तासांत किलोमागे ७५ मिली: सहा किलोच्या बाळाला ४५० मिली. सोबत झिंक, सहा महिन्यांच्या आत रोज १० मिलिग्रॅम, पुढे २०, दहा ते चौदा दिवस. जुलाब थांबले की आया झिंक बंद करतात. पुढचा आजार टळावा यासाठी ते पूर्ण द्यायचं असतं, हे पुडी देतानाच सांगावं लागतं.

मुळाकाठ
लसींबद्दल पुण्याचा संबंध सांगतो. पुण्याच्या सीरमच्या रोटाव्हायरस लशीची मोठी चाचणी नायजरमध्ये झाली. रोटाव्हायरसच्या तीव्र जुलाबांविरुद्ध ती सुमारे ६७ टक्के परिणामकारक निघाली (२०१७). न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकॉकस या जंतूच्या दहा प्रकारांवरची त्यांची लस आफ्रिका-आशियात जास्त आढळणारे प्रकार धरून बनवली आहे. मलेरियाची आर-२१ लस ऑक्सफर्डची, उत्पादन सीरमचं. तिची शिफारस ऑक्टोबर २०२३ मध्ये झाली आणि जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टनं ती सुरू केली. साधारण पाचव्या महिन्यापासून चार डोस. चौथा खूप नंतर असल्यानं तोच सुटतो.

सातपुडा
मलेरियाचं एक वैशिष्ट्य. पहिल्या काही महिन्यांत आईकडून आलेली प्रतिकारद्रव्यं आणि गर्भातलं हिमोग्लोबिन बाळाला बरंच सांभाळतात. त्या वयात मलेरिया मारतो तो आडवाटेनं: गरोदर आईच्या वारेत परजीवी साठतात, बाळ कमी वजनाचं किंवा मुदतीआधी जन्मतं. म्हणून दुसऱ्या तिमाहीपासून निदान महिन्याच्या अंतरानं सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन या मलेरियाच्या औषधाचे किमान तीन डोस आणि मच्छरदाणी. पाच किलोच्या आतल्या बाळाला मलेरिया झालाच तर मोठ्या मुलांची गोळी मोडून देत. २०२५ मध्ये २ ते ५ किलोसाठी वेगळी गोळी मंजूर झाली.

न्यूमोनियासाठी श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे, बाळ शांत असताना, पोटावरचं कापड वर करून. दोन महिन्यांच्या आत ६०, पुढे वर्षापर्यंत ५० किंवा जास्त म्हणजे जलद. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये, लहान बाळाचा श्वास अनियमित असतो.

तांबडी माती
'न्यूमोनिया' आणि 'मलेरिया' या दोन नोंदींखाली सिकल सेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार दडलेला असतो. एकट्या नायजेरियात वर्षाला सुमारे दीड लाख बाळं तो घेऊन जन्मतात. पहिले काही महिने काहीच दिसत नाही, मग हातापायांचे पंजे सुजतात, आणि न्यूमोकॉकससारख्या जंतूनं एका दिवसात बाळ जातं. तिथल्या योरुबा समाजात 'अबिकू', इग्बो समाजात 'ओग्बांजे' ही पुन्हापुन्हा जन्मून मरणाऱ्या मुलाची कल्पना आहे. एकाच घरात लागोपाठ मुलं जाण्यामागे काही ठिकाणी हाच आजार असावा, असं तिथले डॉक्टर मानतात. टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन जन्मतःच तपासणी, दोन-तीन महिन्यांपासून पेनिसिलिन रोज दोनदा, न्यूमोकॉकसची लस. विदर्भात आणि नंदुरबारकडे काम करणाऱ्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल.

कुंभा
नायजरमध्ये सरसकट सगळ्या लहान मुलांना ॲझिथ्रोमायसिन दिल्यावर मृत्यू घटले असं वाचलं होतं. मग ते सगळीकडे का देऊ नये?

नोंदवही
नायजर, मलावी, टांझानिया, २०१८: वर्षातून दोनदा एक डोस, मृत्यू साधारण १४ टक्क्यांनी कमी, नायजरमध्ये सर्वांत जास्त, आणि वयात १ ते ५ महिन्यांच्या बाळांत सर्वांत जास्त. पण नंतर नायजरमध्येच फक्त अर्भकांना दिलं तेव्हा ठळक फायदा दिसला नाही. पाच वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना दिलं तेव्हा दिसला (२०२४). म्हणजे मोठ्या भावंडांतला संसर्ग कमी झाल्यानं तान्हं वाचत असावं. दुसऱ्या बाजूला, औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात हेही मोजलेलं आहे. माझं मत: जिथे मृत्यूदर फार जास्त आहे तिथेच, जंतूंची तपासणी चालू ठेवून. सगळीकडे नको.

कुंभा
आभार. आता एक शेवटचं. लहान केंद्रात एकच परिचारिका आणि रात्रीची प्रसूती, तर तिच्या हाताशी काय काय हवं?

दवणा
दोन कोरडी कापडं आणि एक टोपी. बॅग, ० आणि १ नंबरचे मास्क, झडप तपासून ठेवलेली. सेकंदकाटा असलेलं घड्याळ. नवं पातं, दोन चिमटे किंवा दोरे. साबण, आणि नळ नसेल तर तोटीची बादली. चार्ज केलेला दिवा. तापमापक ३५ च्या खाली मोजणारा, साधा नको. वजनकाटा. आणि आईच्या नातेवाइकांपैकी एक बाई आत, म्हणजे आईकडे बघायला कुणी असेल आणि परिचारिकेचे दोन्ही हात बाळासाठी मोकळे राहतील. बॅग कपाटात कुलपात ठेवतात, चोरीच्या भीतीनं. ती टेबलावरच, कापडाखाली ठेवावी.